पहिलीच्या वर्गात मुलाच्या भाषेचा मास्तर कधी येणार?

१६ एप्रिल २०२५ रोजी राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय काढला आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. जूनमध्ये शब्द बदलून तोच निर्णय पुन्हा आला. विरोध आणखी वाढला. शेवटी २९ जूनला सरकारला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर परक्या भाषेचे ओझे टाकू नका, हे आंदोलकांचे म्हणणे रास्तच होते. परंतु त्या साऱ्या चर्चेत एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, भामरागडच्या माडिया मुलीला, तांड्यावरच्या बंजारा लेकराला पहिलीच्या वर्गात मराठी ही कितवी भाषा असते? तिचे ओझे त्यांना होत नाही काय?

महाराष्ट्रात जन्मलेले प्रत्येक मूल मराठी घेऊनच शाळेत येते, असा आपला एक गोड गैरसमज आहे. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू बोलली जाते. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या पोडांवर कोलामी, धडगाव-अक्कलकुव्यात भिली आणि पावरी, डहाणू-तलासरीत वारली. तांड्यावर गोरमाटी, पालावर पारधी, कैकाडी, वडारी. या सगळ्या मराठीच्याच 'बोली' आहेत असे समजून आपले शिक्षण खाते निवांत झोपते. वस्तुस्थिती अशी आहे की गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातल्या, तेलुगूच्या गोतावळ्यातल्या भाषा आहेत. कोरकू तर मुंडा कुळातली, झारखंडच्या संतालीची लांबची बहीण. मराठी आणि हिंदी यांचे मूळ एक आहे; मराठी आणि कोरकूचे नाही. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलाला हिंदी जितकी परकी, त्यापेक्षा कितीतरी परकी कोरकू मुलाला मराठी. पण पहिल्या मुलासाठी रस्त्यावर उतरणारे लोक दुसऱ्या मुलाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

वर्गात नेमके काय घडते ते पाहू. मास्तर फळ्यावर 'प' काढतो आणि म्हणतो, प पाण्याचा. ज्या मुलाच्या घरात पाण्याला पाणीच म्हणतात, त्याच्या कानाला तो 'प' लगेच सापडतो. शब्द ओळखीचा आहे, नवे आहे ते फक्त अक्षर. गोंडी मूल पाण्याला 'येर' म्हणते. कोरकू मूल 'डा' म्हणते. त्यांच्या दृष्टीने शब्दही नवा आणि अक्षरही नवे. एकाच वेळी दोन डोंगर चढायचे. मराठी घरातले मूल एकच डोंगर चढते, तेही अर्ध्या वाटेवरून. वर्षाच्या शेवटी दोघांची परीक्षा मात्र एकच. जे मूल मागे पडते त्याच्यावर 'मठ्ठ' हा शिक्का बसतो. 'यांच्या डोक्यात शिरतच नाही' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत किती सहजपणे बोलले जाते! शिरणार कसे? ज्या भाषेतून शिकवले जाते ती त्याची नाही आणि जी त्याची आहे ती मास्तरला येत नाही. अडाणी कोण, मूल की मास्तर?

जीभही बाटते काय?

हा प्रश्न फक्त आदिवासींचा आहे असे समजून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. 'आनि', 'पानी' म्हणणाऱ्या आमच्या पोरांना या राज्यातल्या वर्गांनी किती हसवून घेतले, ते आमच्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक आहे. 'ण' आणि 'न' यांवरून जात ओळखण्याचा उद्योग इथे बिनबोभाट चालला. 'शुद्ध' भाषा आणि 'अशुद्ध' भाषा हे शब्द व्याकरणातून आले असे सांगितले जाते. पण ज्या समाजाने माणसे शुद्ध-अशुद्ध ठरवली, पाणवठे शुद्ध-अशुद्ध ठरवले, त्या समाजात भाषेची शुद्धता निरागस कशी असेल? विटाळाची कल्पना अंगावरून जिभेवर आली एवढेच. पूर्वी लेकराला वर्गाबाहेर बसवत, आता त्याला आत बसवून त्याची भाषा बाहेर ठेवतात. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकू दिली नाही, पर्शियन घ्यायला लावली. एकाला एक भाषा नाकारायची, दुसऱ्याला त्याचीच भाषा नाकारायची. भाषेच्या दारावर पहारा मात्र त्यांचाच.

जोतीरावांनी १८८२ मध्येच सांगून ठेवले

शिक्षक कोण असावा, हा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा अशी मागणी केली, हे आपण दरवर्षी भाषणांत सांगतो. परंतु त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकांविषयी जे मांडले ते आपण विसरतो. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि ब्राह्मण शिक्षकापेक्षा त्यांच्या गरजा व इच्छा अधिक चांगल्या समजून घेतील, असे जोतीरावांचे म्हणणे होते. इतकेच नव्हे, तर अशा शिक्षकाला पगार बरा मिळाला पाहिजे, बारा रुपयांपेक्षा कमी नको, असा आकडाही त्यांनी दिला. मुलांच्या घराशी नाते असलेला, मुलांची बोली जाणणारा आणि पोटभर पगार मिळवणारा शिक्षक, ही जोतीरावांची कल्पना. आज जगभरचे शिक्षणतज्ज्ञ 'बहुभाषिक शिक्षक' म्हणून जे सांगतात ते यापेक्षा फार वेगळे नाही.

पुढे १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारला जमाखर्च दाखवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हे त्यांनी निदर्शनास आणले. शाळेत शिरलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू असल्याचे त्यांनी बजावले. पटावर नाव घालणे म्हणजे शिक्षण नव्हे, हा त्या भाषणाचा अर्थ. आज आश्रमशाळांचे आणि जिल्हा परिषद शाळांचे पट भरलेले दिसतात. पण त्या पटावरच्या किती मुलांना तिसरीत गेल्यावर वाचलेले समजते, हा प्रश्न विचारला की अधिकारी खाली पाहतात.

कायद्यातल्या पळवाटा

संविधान या बाबतीत मुके नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ म्हणते की शिक्षणाचे माध्यम 'व्यवहार्य असेल तिथवर' मुलाची मातृभाषा असावे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर निदान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा किंवा प्रादेशिक भाषा माध्यम असावी असे म्हणते, पण 'शक्य असेल तेथे'. आता यातली चलाखी पाहा. एका ओळीत चार भाषा मांडल्या आणि निवड सरकारवर सोडली. सरकार प्रादेशिक भाषा निवडते, म्हणजे मराठी, आणि मातृभाषेचे धोरण राबवले म्हणून पाठ थोपटून घेते. शिवाय 'व्यवहार्य असेल तिथवर' आणि 'शक्य असेल तेथे' ही दोन दारे उघडी आहेतच. शिक्षक नाही म्हणून शक्य नाही, आणि शक्य नाही म्हणून शिक्षक नेमायचा नाही. हे रहाट कोणी थांबवायचे?

राजकीय ताकद नसलेल्या भाषेचे काय होते ते २०११ च्या जनगणनेत दिसते. भिली समूहाच्या भाषा बोलणारे देशात एक कोटी चार लाखांवर, गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख, कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक. संस्कृत ही मातृभाषा सांगणारे किती? २४,८२१. संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे. भिली, गोंडी, कोरकू नाहीत. बंजारी आणि लमाणी तर जनगणनेत हिंदीच्याच खाती मोडतात. संताली आणि बोडो यांना २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत जागा मिळाली, ती त्या समाजांनी दीर्घकाळ लढा दिला म्हणून. कोणी उदार मनाने दिली नाही.

गुणवत्तेची व्याख्या कोणी केली?

आता नोकरभरतीकडे वळू. महाराष्ट्रात शिक्षक व्हायचे तर शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. तिच्यात भाषेचे पेपर मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदीपासून गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधीपर्यंत आहेत. गोंडी नाही, कोरकू नाही, भिली नाही. भामरागडचा एखादा माडिया तरुण गावातल्या लेकरांशी त्यांच्या भाषेत बोलू शकतो, त्यांना गोष्ट सांगू शकतो, रडणाऱ्याला समजावू शकतो. परीक्षेत या ज्ञानाला शून्य गुण. दोनशे किलोमीटरवरून बदलीवर आलेल्या, वर्षभर परत जाण्याचा अर्ज हातात घेऊन फिरणाऱ्या उमेदवाराचे मराठी व्याकरण पक्के, म्हणून तो गुणवान. हीच ती 'गुणवत्ता', जिच्या नावाने आरक्षणावर गळे काढले जातात.

आंध्र प्रदेश सरकारने १० जानेवारी २००० रोजी आदेश काढून अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांमधील शिक्षकांच्या सर्व जागा आदिवासींसाठी राखून ठेवल्या होत्या. बाहेरचे शिक्षक शाळेत फिरकतच नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २२ एप्रिल २०२० रोजी तो आदेश घटनाबाह्य ठरवला. आदिवासींना फक्त आदिवासींनीच शिकवावे ही कल्पनाच न्यायालयाला अत्यंत आक्षेपार्ह वाटली. निकालाचा आदर ठेवून आम्ही एवढेच म्हणतो की भाषा हा निकष तर लावता येतो? महाराष्ट्रात नेमणूक झालेल्या परप्रांतीय सनदी अधिकाऱ्याला मराठीची परीक्षा द्यावी लागते आणि त्यात कोणाला अन्याय दिसत नाही. मग धारणीत पहिलीच्या वर्गावर जाणाऱ्या मास्तरला कोरकूची परीक्षा का नको? कोणत्याही जातीचा माणूस मन लावून कोरकू शिकून आला तर त्याचे स्वागतच आहे. अट भाषेची ठेवा, मग पाहू किती जण येतात आणि कोण येतात.

गावात अशी एक शिक्षिका आजही आहे, फक्त तिला कोणी शिक्षिका म्हणत नाही. ती अंगणवाडी सेविका. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून सेविका गावातलीच असते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी ती त्यांच्या भाषेत बोलते, सरकारी गाणे मराठीत म्हणते, अर्थ गोंडीत सांगते, अधिकारी आला की पुन्हा मराठीत अहवाल देते. दिवसभर ती दोन भाषांमधून ये-जा करते. नेमके हेच काम मोठमोठ्या प्रशिक्षणांतून शिकवले जाते. या कामाचा मोबदला मात्र पगार नव्हे, 'मानधन'. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा अंगणवाडी कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे एप्रिल २०२२ मध्ये तो हक्क मान्य झाला. जोतीरावांनी शिक्षकाच्या पगाराचा आकडा का सांगितला होता, ते यावरून कळावे. आणि हेच मूल सहाव्या वर्षी अंगणवाडीतून शाळेत जाते तेव्हा त्याची भाषा बोलणारी बाई उंबऱ्याच्या अलीकडेच राहते.

शेजारच्यांनी केले, आम्ही का नाही?

अवघड आहे, असे सांगितले जाते. अवघड असेलही, पण अशक्य नाही. अविभाजित आंध्र प्रदेशाने २००४ च्या सुमारास आठ भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले. त्यांत गोंडी, कोलामी आणि बंजारा या भाषा होत्या. म्हणजे आदिलाबादच्या कोलाम मुलासाठी पुस्तक निघाले आणि त्याच समाजाच्या यवतमाळच्या मुलाला मात्र ते मिळाले नाही. मध्ये फक्त राज्याची हद्द! ओडिशाने २००७ पासून संताली, सौरा, कुई, जुआंग, कोया अशा दहा भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले आणि पुढे ते २१ भाषांपर्यंत नेले. तिथे भाषा जाणणारे शिक्षक त्या समाजांतूनच घेण्यावर भर दिला गेला, कारण नुसती पुस्तके छापून काही होत नाही. पुस्तक उघडणाऱ्याला ती भाषा यावी लागते.

महाराष्ट्रालाही अनुभव नाही असे नाही. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. बालभारती मराठीखेरीज उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधीतून पुस्तके काढते. ते योग्यच आहे, त्या मुलांचा तो हक्क आहे. मग यंत्रणा आहे, छापखाना आहे, माध्यमानुसार शिक्षक भरण्याची पद्धत आहे. फक्त या मातीतल्या मूळच्या माणसांची भाषा त्या यादीत नाही.

सरकार करत नाही म्हणून लोकांनी केले तर काय होते? गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ठराव करून गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून नोटीस बजावली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. कलम ३५०-अ चे पालन करणाऱ्या गावाला नोटीस आणि साठ-पासष्ट वर्षे ते न पाळणाऱ्या शासनाला विचारणारे कोणी नाही!

इंग्रजीचे काय?

आता आमच्याच माणसांच्या मनातल्या एका शंकेला उत्तर दिले पाहिजे, कारण ती रास्त आहे. 'तुमची संस्कृती जपा, तुमच्या भाषेत शिका' असा उपदेश करणाऱ्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळांत आणि परदेशांत असतात. दलित-आदिवासींना मातृभाषेत अडकवून स्पर्धेतून बाद करण्याचा हा डाव नाही कशावरून? बाबासाहेबांनी जगापुढे आमची बाजू इंग्रजीतून मांडली, हे आम्ही कसे विसरू?

विसरायचे कारणच नाही. मराठीही हवी, इंग्रजीही हवी, आणि दोन्ही पक्क्या हव्यात. प्रश्न आहे तो पायाचा. वाचणे म्हणजे अक्षरांतून अर्थ काढणे, हे कसब मूल एकदाच शिकते. ते समजणाऱ्या भाषेत शिकले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेत नेता येते. न समजणाऱ्या भाषेत ते मूल नुसते पोपटासारखे बोलते, फळ्यावरचे उतरवून काढते आणि पाचवी-सहावीत शाळा सोडते. त्याला मग मराठीही मिळत नाही आणि इंग्रजी तर नाहीच. म्हणून बहुभाषिक शिक्षक हवा. तो पहिल्या वर्षी गोष्ट, गाणी, मोजणी मुलाच्या भाषेत घेतो. देवनागरी अक्षरे त्याच्याच शब्दांतून ओळखीची करून देतो. सोबतच तोंडी मराठी रुजवत जातो. तिसरी-चौथीपर्यंत मराठी वाचन पक्के करतो आणि त्या बळावर इंग्रजी शिकवतो. ज्या वर्गात कोरकू, गवळी आणि बलाही अशी वेगवेगळ्या घरांतली मुले एकत्र बसतात, तिथे तो एका मुलाचा शब्द दुसऱ्याला शिकवतो. कोणाचीच भाषा हसण्याचा विषय होत नाही. समतेचा पहिला पाठ यापेक्षा वेगळा काय असतो?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक शाळेत मुलांच्या घरी कोणती भाषा बोलली जाते याची नोंद झाली पाहिजे. अनुसूचित क्षेत्रात आणि तांडा-वस्तीच्या शाळांत पहिली ते तिसरीच्या शिक्षकासाठी मुलांची भाषा येणे ही पात्रता ठरली पाहिजे आणि पात्रता परीक्षेत त्या भाषांचे पेपर आले पाहिजेत. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला ती भाषा शिकल्याशिवाय सेवेत कायम करू नये. धारणी, गडचिरोली, नंदुरबार येथे या भाषांसह अध्यापक पदविका सुरू झाली पाहिजे. बालभारतीने गोंडी, कोरकू, भिली, गोरमाटीची पुस्तके काढली पाहिजेत, आणि अंगणवाडी सेविकेला शिक्षिकेचा दर्जा व पगार मिळाला पाहिजे.

यातल्या एका गोष्टीसाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्म्या जागा महिलांना. येत्या बैठकीत आपल्या समाजाच्या प्रत्येक सभासदाने उभे राहून एकच प्रश्न विचारावा, आमच्या लेकरांची भाषा येणारे शिक्षक या शाळेत किती? उत्तर लेखी मागावे, इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. हिंदी सक्तीचा निर्णय लोकांच्या रेट्याने मागे घेतला जातो, तर मुलाच्या भाषेचा मास्तरही लोकांच्या रेट्यानेच शाळेत येईल.

जय भीम! जय सेवा!